खाशाबा जाधव आणि न मिळालेला अर्धा तास



क्रीडा महोत्सवाचे दिवस जवळ आले की आपल्या शाळेच्या मैदानावर सकाळ-संध्याकाळ शिट्ट्यांचे आवाज ऐकू येऊ लागतात. कोणी शंभर मीटर धावते, कोणी कबड्डीचा सराव करते, तर काही मुले मल्लखांबाला लोंबकळलेली दिसतात. आपल्या या अंकात दर वेळी एका थोर व्यक्तीचा परिचय करून देण्याची पद्धत आहे. या वेळी आम्ही कै. खाशाबा दादासाहेब जाधव यांचे चरित्र निवडले आहे. स्वतंत्र भारताला ऑलिंपिकमध्ये पहिले वैयक्तिक पदक त्यांनी मिळवून दिले, एवढे सामान्यज्ञानाच्या पुस्तकात सर्वांनी वाचले आहे. परंतु ते पदक कसे मिळाले, त्यासाठी कोणी काय गहाण ठेवले आणि त्याहून मोठे पदक कदाचित कशामुळे हुकले, हे फारसे सांगितले जात नाही. या गोष्टीत एक विज्ञानाचा धडा आहे आणि आम्हा शिक्षक व पालकांसाठीही एक धडा आहे. म्हणून हा लेख थोडा लांबला तरी शेवटपर्यंत वाचावा, ही विनंती.

गोळेश्वरचा मुलगा

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यातील कराड तालुक्यात गोळेश्वर या लहानशा गावी झाला. वडील दादासाहेब स्वतः नामांकित पैलवान होते. घरात पाच भाऊ, त्यांत खाशाबा सर्वांत धाकटे. शेतकऱ्याचे घर, त्यामुळे चैन नव्हती. पण दूध, भाकरी आणि तालीम यांची कमतरता नव्हती. वडिलांनी मुलाला अगदी लहानपणीच लाल मातीत उतरवले. पुढे बाबूराव बलावडे आणि बेलापुरी गुरुजी यांनी त्यांना मार्गदर्शन केले.

कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये त्यांचे माध्यमिक शिक्षण झाले. अभ्यासाकडे त्यांनी दुर्लक्ष केले नाही, हे विद्यार्थ्यांनी मुद्दाम ध्यानात ठेवावे. १९४२ च्या चले जाव आंदोलनात सातारा जिल्हा पेटून उठला होता. शाळकरी वयाच्या खाशाबांनीही भूमिगत कार्यकर्त्यांना आसरा देण्याच्या व निरोप पोहोचवण्याच्या कामात हातभार लावला. त्यानंतर ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात दाखल झाले. कोल्हापूर म्हणजे कुस्तीची पंढरी. राजर्षी शाहू महाराजांनी तेथे कुस्तीला राजाश्रय दिला होता आणि पेठापेठांतून तालमी नांदत होत्या.

खाशाबा अंगाने आडदांड नव्हते. हलक्या वजनाच्या गटात लढणारा हा तरुण उंचीनेही बेताचाच होता. त्यांचे बळ होते चपळाईत, पक्क्या पकडीत आणि दमात. या तिसऱ्या शब्दाकडे, म्हणजे दमाकडे, आपण पुढे परत येणार आहोत.

लंडन, १९४८

१९४८ साली लंडन येथे ऑलिंपिक स्पर्धा झाल्या. खाशाबांची निवड फ्लायवेट गटात झाली. परदेशी जाण्याचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. तोपर्यंत खाशाबांनी सगळ्या कुस्त्या मातीत केल्या होत्या. लंडनला प्रथमच गादीवर आणि आंतरराष्ट्रीय नियमांनी लढावे लागले. मातीत पाय रुततो, गादीवर तो सरकतो. मातीत चितपट झाल्यावर निकाल लागतो, तर गादीवर गुणही मोजले जातात. तेथे रीस गार्डनर या अमेरिकन प्रशिक्षकांनी त्यांना थोड्या दिवसांत जेवढे शिकवता येईल तेवढे शिकवले. खाशाबांनी ऑस्ट्रेलियाच्या आणि अमेरिकेच्या मल्लांना हरवले, इराणच्या मल्लाकडून ते हरले आणि सहाव्या क्रमांकावर राहिले. बावीस वर्षांच्या, गादी जवळजवळ न पाहिलेल्या तरुणासाठी ही मोठीच कामगिरी होती. पण ते समाधानी झाले नाहीत. परत येताच पुढच्या चार वर्षांचा सराव त्यांनी सुरू केला आणि वजनाचा गटही वाढवून बँटमवेट, म्हणजे ५७ किलो, केला.

घर गहाण ठेवणारे प्राचार्य

१९५२ चे ऑलिंपिक फिनलंड देशाच्या हेलसिंकी शहरात होते. निवडीच्या वेळी खाशाबांना डावलले गेले. गुणांच्या बाबतीत आपल्यावर अन्याय झाला, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. महाराजांनी पुन्हा कुस्ती लावली आणि खाशाबांनी आपल्या प्रतिस्पर्ध्याला, कलकत्त्याच्या निरंजन दास यांना, हरवून आपली जागा मिळवली.

आता प्रश्न पैशांचा होता. सरकारी मदत अपुरी होती. गोळेश्वर आणि आसपासच्या गावांतील लोकांनी वर्गणी गोळा केली. ज्याच्या घरी पैसा नव्हता त्याने धान्य दिले. तरीही रक्कम पुरेना. तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकर यांनी आपले राहते घर सात हजार रुपयांना गहाण ठेवले आणि ते पैसे आपल्या विद्यार्थ्याच्या हाती दिले.

प्राचार्यपदावर काम करताना हा प्रसंग आम्ही जितक्या वेळा वाचतो, तितक्या वेळा थांबतो. विद्यार्थ्याला उत्तेजन देणे, टाळ्या वाजवणे, सूचनाफलकावर नाव लावणे हे आम्ही सर्व जण करतो. परंतु मुलगा जिंकेल की हरेल हे ठाऊक नसताना स्वतःचे छप्पर पणाला लावणे ही गोष्ट वेगळी आहे. खर्डेकर सरांनी विद्यार्थ्याचे चार वर्षांचे कष्ट पाहिले होते आणि त्यांना तेवढे पुरेसे वाटले.

हेलसिंकीची गादी

हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनी या देशांच्या मल्लांना हरवले. त्यानंतर त्यांची गाठ जपानच्या शोहाची इशी यांच्याशी पडली. ही कुस्ती जवळजवळ पंधरा मिनिटे चालली. दोघेही तोडीस तोड होते. अखेर थोडक्या फरकाने खाशाबा हरले. इशी यांनी पुढे सुवर्णपदक जिंकले आणि त्या ऑलिंपिकमधले जपानचे ते एकमेव सुवर्ण ठरले. यावरून प्रतिस्पर्धी किती ताकदीचा होता, हे समजते.

खरी गोष्ट यापुढे आहे. इशींशी झुंज संपते न संपते तोच सोव्हिएत संघाच्या रशीद ममेदबेयोव्ह यांच्याशी लढण्यासाठी खाशाबांना पुन्हा गादीवर बोलावण्यात आले. दोन कुस्त्यांच्या मध्ये किमान अर्ध्या तासाची विश्रांती मिळाली पाहिजे असा नियम होता. परंतु तो नियम पुढे करून हरकत घेण्यासाठी भारतीय पथकातील एकही अधिकारी त्या वेळी तेथे हजर नव्हता. खाशाबांना परकी भाषा पुरेशी अवगत नव्हती आणि गादीवर उभ्या असलेल्या खेळाडूने स्वतः वाद घालायचा तरी कसा? थकलेल्या शरीराने ते उतरले आणि हरले. ममेदबेयोव्ह यांना रौप्यपदक मिळाले. खाशाबांच्या गळ्यात कांस्यपदक पडले. दिवस होता २३ जुलै १९५२.

विश्रांती मिळाली असती तर ते जिंकलेच असते, असे कोणी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. ममेदबेयोव्ह हेही कसलेले मल्ल होते. पण बरोबरीची लढत झाली नाही, एवढे नक्की. ही लढत बरोबरीची का नव्हती, हे आज विज्ञान आपल्याला अगदी नेमके सांगू शकते. वरच्या वर्गांच्या विद्यार्थ्यांनी पुढचा भाग आपल्या जीवशास्त्राच्या पुस्तकाशी ताडून पाहावा.

अर्ध्या तासात शरीरात काय घडते

आपले स्नायू ज्या इंधनावर चालतात त्याचे नाव एटीपी. स्नायूत त्याचा साठा अगदी थोडा, काही सेकंदांपुरता असतो. म्हणून शरीर ते सतत नव्याने तयार करत राहते. त्याचे तीन मार्ग आहेत. पहिला मार्ग क्रिएटिन फॉस्फेटचा. हा फार जलद, पण दहा-पंधरा सेकंदांत आटतो. दुसरा मार्ग ग्लुकोजचे प्राणवायूशिवाय विघटन करण्याचा. हाही जलद आहे. पण यात लॅक्टेट नावाचा पदार्थ मोठ्या प्रमाणावर तयार होतो. तिसरा मार्ग प्राणवायूच्या साहाय्याने हळूहळू, पण दीर्घकाळ ऊर्जा देणारा.

शिप्रेच्या घाटावर आपण सहज फिरायला गेलो तर तिसरा मार्ग पुरतो. कुस्तीत मात्र तसे चालत नाही. पैलवान समोरच्याला आवळून धरतो तेव्हा त्याचे स्वतःचे स्नायू इतके ताठ होतात की त्यांतील बारीक रक्तवाहिन्या दबल्या जातात. प्राणवायू हवा तितका पोहोचत नाही. मग दुसऱ्या मार्गावर सारा भार येतो आणि रक्तातील लॅक्टेट वाढू लागते.

हे प्रमाण मोजता येते. बोटाच्या टोकातून किंवा कानाच्या पाळीतून रक्ताचा एक थेंब घेतात आणि लहानशा यंत्रात घालतात. निवांत बसलेल्या माणसाच्या रक्तात दर लिटरमागे सुमारे एक मिलिमोल लॅक्टेट असते. अटीतटीच्या कुस्तीनंतर हा आकडा दहाच्या पुढे जातो. विशेष म्हणजे झुंज थांबल्याबरोबर तो उतरत नाही. स्नायूंतील लॅक्टेट रक्तात येत राहते, त्यामुळे पहिली काही मिनिटे आकडा उलट वाढतो आणि मग उतरणीला लागतो. स्वस्थ बसून राहिल्यास तो निम्मा होण्यासाठी साधारण पंधरा ते पंचवीस मिनिटे लागतात.

आता आपण एक गणित करू. समजा, कुस्तीनंतर आकडा बारा आहे आणि तो दर वीस मिनिटांनी निम्मा होतो. वीस मिनिटांनी सहा, चाळीस मिनिटांनी तीन. म्हणजे अर्ध्या तासाच्या सुमारास तो चारच्या आसपास येईल. पूर्ण ताजेतवाने होण्यास एक तास किंवा अधिक लागेल, पण अर्ध्या तासात निदान दोन तृतीयांश भार उतरलेला असेल. म्हणजे नियमातला तो अर्धा तास केवळ शिष्टाचाराचा नव्हता, शरीराच्या घड्याळाशीही तो बराचसा जुळणारा होता. आणि ज्याला तो मिळत नाही तो खेळाडू आकडा अजून चढत असतानाच दुसऱ्या कुस्तीला उभा राहतो. १९५२ साली खाशाबांच्या रक्ताची तपासणी कोणी केली नव्हती. परंतु पंधरा मिनिटांच्या त्या झुंजीनंतर त्यांची अवस्था अशीच असणार, हे आजच्या ज्ञानावरून समजू शकते.

लॅक्टेट हा शत्रू नव्हे

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. १७८० साली स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ शेले यांनी आंबलेल्या दुधातून लॅक्टिक आम्ल वेगळे केले. पुढे स्नायूंतही ते सापडले. ए. व्ही. हिल आणि ऑटो मायरहॉफ यांना स्नायूंवरील संशोधनासाठी १९२२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या काळापासून पुष्कळ वर्षे असे मानले जाई की हे आम्ल म्हणजे स्नायूंतील कचरा आहे आणि थकवा सर्वस्वी त्याच्यामुळेच येतो.

आज चित्र बदलले आहे. लॅक्टेट हे खरे तर इंधनच आहे. एका स्नायूत तयार झालेले लॅक्टेट रक्तातून दुसऱ्या स्नायूकडे आणि हृदयाकडे जाते व तेथे जाळले जाते. काही भाग यकृतात पोहोचतो आणि त्याचे पुन्हा ग्लुकोज बनते. हे चक्र शोधून काढणारे कार्ल आणि गर्टी कोरी हे पती-पत्नी १९४७ च्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी होते. थकवा येतो तो अनेक कारणांनी. स्नायूंतील आम्लता वाढते, फॉस्फेट साचते, क्रिएटिन फॉस्फेट संपते, शरीर तापते, पाणी कमी होते आणि मेंदूही थकतो. लॅक्टेटचा आकडा या साऱ्या ओढाताणीची खूण आहे. ज्वर मोजणाऱ्या थर्मामीटरचा पारा हा काही आजार नव्हे, तसेच हे आहे.

दुसरा गैरसमज असा की व्यायामानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग दुखते ते लॅक्टिक आम्ल साचल्यामुळे. लॅक्टेट तर तास-दीड तासातच पूर्ववत होते. ते दुखणे स्नायूंच्या तंतूंना झालेल्या सूक्ष्म इजांचे असते आणि ते दोन-चार दिवसांत आपोआप बरे होते. पालकांनी अशा वेळी मुलाला मारूनमुटकून मैदानावर पाठवू नये आणि घाबरून त्याचा खेळही बंद करू नये.

तालमीतील शहाणपण आणि चेकोस्लोव्हाकियाचा धावपटू

हेलसिंकीच्या त्याच ऑलिंपिकमध्ये चेकोस्लोव्हाकियाचे एमिल झाटोपेक यांनी पाच हजार मीटर, दहा हजार मीटर आणि मॅरेथॉन अशा तिन्ही शर्यती जिंकल्या. त्यांची सरावाची रीत अशी होती की चारशे मीटर वेगाने धावायचे, मग थोडे अंतर संथ पळत दम घ्यायचा आणि पुन्हा वेगाने धावायचे. असे ते अनेक वेळा करत. यालाच आता इंटरव्हल ट्रेनिंग म्हणतात. जोराचा व्यायाम आणि विश्रांती यांची अशी गुंफण नियमित केली की स्नायूंत रक्ताच्या केशवाहिन्या वाढतात, पेशींतील ऊर्जाकेंद्रे वाढतात आणि लॅक्टेट उचलून वापरण्याची शरीराची क्षमताही वाढते. तोच श्रम केल्यावर आकडा कमी चढतो आणि लवकर उतरतो. मराठीत ज्याला आपण दम म्हणतो, त्याचा एक मोठा भाग हाच आहे.

आपल्या तालमींना हे सारे अनुभवाने माहीत होते. जोर आणि बैठका यांचे हप्ते, मध्ये थोडे चालणे, एकामागून एक जोडीदारांशी झटापट, मग खुराक आणि झोप, असा पैलवानाचा दिवस बांधलेला असे. वस्तादांच्या हाती रक्त तपासण्याचे यंत्र नव्हते. पण कोणत्या शिष्याला आणखी एक कुस्ती द्यायची आणि कोणाला आता थांबवायचे, हे ते श्वासावरून व चेहऱ्यावरून ओळखत. आधुनिक प्रयोगांनी एक गोष्ट जास्त स्पष्ट केली आहे. जोराच्या व्यायामानंतर लगेच आडवे होण्यापेक्षा दहा-पंधरा मिनिटे हलके चालल्यास किंवा संथ पळल्यास लॅक्टेट अधिक लवकर उतरते, कारण चालते स्नायू तेच इंधन म्हणून वापरून टाकतात. शर्यत संपल्यावर मैदानावर लोळण घेणाऱ्या आपल्या मुलांनी हे ऐकावे!

परतीच्या बैलगाड्या

पदक घेऊन खाशाबा परत आले तेव्हा कराड स्टेशनावर त्यांच्या स्वागतासाठी शंभराहून अधिक बैलगाड्या सजून उभ्या होत्या. कराड ते गोळेश्वर हे थोडेसे अंतर. पण मिरवणुकीला कित्येक तास लागले. सारा परगणा रस्त्यावर आला होता. ज्यांनी आठ-आठ आणे वर्गणी दिली होती त्यांना वाटले असेल की या पदकात आपलाही वाटा आहे, आणि तो होताच.

यानंतर खाशाबांनी सर्वांत आधी काय केले? कुस्त्यांचे मैदान भरवले, स्वतः लढले, जिंकले आणि मिळालेल्या पैशांतून आपल्या प्राचार्यांचे गहाण पडलेले घर सोडवले. पदक मिळवणारे पुष्कळ असतात. पदकाचे ऋण अशा रीतीने फेडणारा विद्यार्थी विरळाच म्हणावा लागेल.

१९५५ साली ते पोलीस खात्यात उपनिरीक्षक म्हणून लागले. सुमारे सत्तावीस वर्षे नोकरी करून सहायक पोलीस आयुक्त या पदावरून ते निवृत्त झाले. देशाने त्यांची फारशी आठवण ठेवली नाही. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचे निधन झाले. त्यांच्यानंतर भारताला दुसरे वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळण्यास १९९६ साल उजाडावे लागले, म्हणजे तब्बल चव्वेचाळीस वर्षे. कुस्तीतले पुढचे पदक तर २००८ साली बीजिंग येथे आले. खाशाबांना अर्जुन पुरस्कार मिळाला तोही मरणोत्तर. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी दिल्लीतील कुस्तीच्या क्रीडागृहाला त्यांचे नाव देण्यात आले. आता महाराष्ट्रात त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा केला जातो.

उज्जैनमध्ये आपण काय करावे

आपण महाराष्ट्रापासून दूर, माळव्यात पिढ्यान्‌पिढ्या राहणारी मराठी माणसे आहोत. शिंद्यांच्या काळात आपले पूर्वज येथे आले आणि भाषेबरोबर आखाड्याची आवडही घेऊन आले. उज्जैनचे आखाडे जुने आहेत. पेशवाईत बाळंभट्टदादा देवधर यांनी नावारूपाला आणलेला मल्लखांब येथे असा रुजला की मध्य प्रदेश शासनाने २०१३ साली त्याला राज्याचा खेळ म्हणून घोषित केले. देवास गेटच्या बसस्थानकावरून आपल्या शाळेची मुले पहाटे इंदूर, देवास, शाजापूरकडे स्पर्धांसाठी निघतात तेव्हा खांद्यावरच्या पिशवीत हा वारसाही असतो.

म्हणून खाशाबांचे चरित्र वाचून केवळ अभिमान बाळगावा आणि अंक मिटून ठेवावा, असे आम्हांस वाटत नाही. हेलसिंकीला खाशाबांकडे ताकद होती, डावपेच होते, नियमही त्यांच्या बाजूने होता. नव्हता तो फक्त एक माणूस, जो नियमपुस्तिका हातात घेऊन पंचांसमोर उभा राहिला असता. गाव वर्गणी देते, प्राचार्य घर गहाण ठेवतात, खेळाडू चार वर्षे घाम गाळतो आणि ऐन वेळी कोणी सोबत नसते. हे दुःख पदक हुकण्यापेक्षाही मोठे आहे, कारण ते टाळता आले असते.

लहान स्पर्धांतही हेच घडते, हे आपल्या खेळ शिक्षकांना ठाऊक आहे. वेळापत्रक कोलमडते, संध्याकाळ होत आलेली असते, आयोजकांना घाई असते आणि मग एकाच मुलीला दोनशे मीटरची उपान्त्य फेरी, लांब उडी आणि अंतिम फेरी अर्ध्या तासात उरकायला सांगितले जाते. मूल नाही म्हणत नाही. मोठ्यांना नाही म्हणायचे नसते, असे आपणच त्याला शिकवलेले असते. लहान मुलांचे शरीर मोठ्यांपेक्षा लवकर सावरते हे खरे; पण म्हणून त्याला विश्रांती लागत नाही असे नाही, आणि माळव्याच्या उन्हात तर तिची गरज अधिकच वाढते.

या दृष्टीने आम्ही आपल्या शाळेसाठी काही गोष्टी ठरवल्या आहेत. आपल्या क्रीडा महोत्सवात एकाच विद्यार्थ्याच्या दोन जोराच्या प्रकारांमध्ये किमान अर्धा तास राहील, मग कार्यक्रम थोडा लांबला तरी चालेल आणि प्रमुख पाहुण्यांना थोडे थांबावे लागले तरी ते समजून घेतील. शर्यतीनंतर प्रत्येक मुलाला दहा मिनिटे चालवले जाईल आणि पाणी दिले जाईल. बाहेरच्या स्पर्धेला पथक जाईल तेव्हा सोबतच्या शिक्षकांकडे त्या खेळाची नियमावली असेल आणि आपला खेळाडू मैदानावर असेपर्यंत त्यांनी जागा सोडायची नाही. आवश्यक तेथे नम्रपणे, परंतु लेखी हरकत घेण्याचा अधिकार त्यांना शाळेतर्फे दिला जाईल.

विश्वस्त मंडळींना आमची विनंती आहे की दर पथकासोबत दोन शिक्षक पाठवण्याचा खर्च येत्या अंदाजपत्रकात धरावा. आजवर बचतीसाठी बहुधा एकच शिक्षक जातात. पथक दोन मैदानांवर विभागले गेले की त्यांतली काही मुले एकटी पडतात. रक्कम मोठी नाही. आम्ही कोणाला घर गहाण ठेवायला सांगत नाही; फक्त बसच्या आणखी एका तिकिटाची आणि एका मुक्कामाची मागणी करत आहोत.

पालकांनी मुलाला कितवा नंबर आला हे अवश्य विचारावे. पण त्याबरोबर दोन फेऱ्यांमध्ये किती वेळ मिळाला, पाणी प्यायला का आणि सोबत कोण होते, हेही विचारावे. मुलांनी कसून सराव करावा, दम वाढवावा आणि थकवा आल्यावर तो सांगण्यात कमीपणा मानू नये. थकलो आहे, मला नियमाप्रमाणे विश्रांती हवी आहे, हे वाक्य शांतपणे उच्चारता येणे हाही खेळाच्या शिक्षणाचा भाग आहे. ते वाक्य तुम्हांला उच्चारता आले नाही, तर तुमच्या वतीने उच्चारण्यासाठी आम्ही मैदानाच्या कडेला उभे असू.

येत्या १५ जानेवारीला सकाळच्या प्रार्थनेनंतर शाळेत खाशाबांच्या प्रतिमेला पुष्पहार अर्पण करण्यात येईल. त्यानंतर विज्ञान शिक्षक अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांसमोर एक साधा प्रयोग करतील. दोन गटांनी सारखीच धाव घ्यायची. एका गटाने बसून विश्रांती घ्यायची, दुसऱ्याने संथ चालत. मग दर दोन मिनिटांनी नाडीचे ठोके मोजायचे आणि कोणाचा श्वास किती वेळात स्थिर झाला तेही टिपायचे. रक्त काढले जाणार नाही, पालकांनी निश्चिंत असावे. जे आकडे येतील ते पुढच्या अंकात विद्यार्थ्यांच्याच नावाने छापू.

सर्व खेळाडूंना शाळापरिवारातर्फे मनःपूर्वक शुभेच्छा.

— प्राचार्य